वाढलेली रहदारी

गावाबाहेरच्या बदामाच्या बागा तोडून नवी वसाहत उठली आणि वर्नाशी घटस्फोट झाल्यावर रसेलने नव्या बायकोसाठी तिथेच घर घेतलं. वर्नाचं त्यावर काही म्हणणं नव्हतं. तिचं म्हणणं होतं ते रहदारीबद्दल. तिथे बांधल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या घरामागे बिल्डरकडून घेतलं जाणारं रस्तेशुल्क दुप्पट करा, असं सांगायला ती नगरपरिषदेच्या सुनावणीला गेली.

"घरं विकून बिल्डर गब्बर होणार, आणि तिथल्या गाड्यांची धूळ आम्ही खायची?" ती माइकसमोर तावातावाने म्हणाली. "वसाहतीचा रस्ता माझ्या घरासमोरूनच जातो. स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभं राहवत नाही मला."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्षबाईंनाही तिची तळमळ पटली. "वर्नाबाई, शुल्क वाढवायचं तर आम्हाला आकडा लागतो. तुमच्या खिडकीसमोरून साधारण किती गाड्या वाढल्यात?"

सभागृह तिच्याकडे बघत होतं.

"एक," ती म्हणाली.

"एकच?"

"एकच. पण तिच्यात माझ्या जागेवर दुसरीच बसलेली असते."