मधली फळी

"ही फळी माझी नाही," मिलिमीटर म्हणाले आणि चष्मा खिशात घालून मोकळे झाले.

संग्रहालयाच्या अधिकाऱ्याचा चेहरा पडला. त्यांच्या मुलीने धूळ पुसायचं फडकं या हातातून त्या हातात घेतलं, इतकंच.

आई गेल्यावर घर रिकामं करायचं होतं. बाकीचं सामान भंगारवाला उचलणार होता. टेबल मात्र संग्रहालयातच जायला हवं, असा तिचा हट्ट होता. ओढलं की लांब होणाऱ्या त्या प्रसिद्ध टेबलाचा हा पहिला नमुना, वडिलांनी घरासाठी स्वतःच्या हाताने केलेला. पण सगळं मूळचं आहे असं त्यांनी सांगितल्याशिवाय संग्रहालय घेणार नव्हतं. म्हणून तिने त्यांना कळवलं. आईच्या आजारपणातही कळवलं होतं. तेव्हा त्यांचं प्रदर्शन होतं. टेबलासाठी ते पहिल्या गाडीने आले.

मिलिमीटर हे नाव त्यांच्या कारखान्यातल्या सुतारांनी ठेवलेलं, अर्थात पाठीमागे. केसाएवढी फट दिसली तरी ते तयार टेबल परत पाठवत.

"सर, पुन्हा एकदा बघता का?" अधिकाऱ्याने विचारलं.

"बघायचं काय त्यात? लाकूड खोटं बोलत नाही. हे उजेडात गडद होत जातं. दोन्ही टोकं कायम बाहेर, म्हणून ती काळवंडतात. मधली फळी टेबलाच्या पोटात, अंधारात. ती फिकी राहायला हवी. इथे बघा, तिन्ही एका रंगाच्या! घरात माणसं दोन. टेबल उघडणार कोण? मूळची फळी हरवली असेल, हिच्या आईने कुणाकडून तरी नवी करून घेतली, वर रंग फासला. तिला लाकडातलं काय कळतंय म्हणा!"

"आईला पुष्कळ कळायचं," मुलगी म्हणाली.

"पण सर, तुमची ती गोष्ट आम्ही फलकावर लिहिणार होतो," अधिकारी चुळबुळत म्हणाला.

ती गोष्ट मिलिमीटर प्रत्येक मुलाखतीत सांगत. मी न सांगता चार माणसं घेऊन घरी जायचो, बायकोची त्रेधा उडायची, तिचे टोमणे ऐकून ऐकून शेवटी एका हाताने उघडणारं टेबल केलं. लोक हसत, टाळ्या वाजवत. गोष्ट खोटी नव्हती, फक्त सुरुवातीच्या दिवसांची होती. पुढे त्यांनी कारखान्याजवळ जागा घेतली आणि घरी येणं राहत गेलं. घर सोडलं, असं त्यांनी कधीच म्हटलं नाही.

"फळी उलटी करून बघा ना," मुलगी म्हणाली. "एवढे आलाच आहात तर."

अधिकाऱ्याने हात लावला. त्याने आणि मुलीने फळी खाचेतून सोडवली आणि पालथी केली. खालून लाकूड फिकं होतं, काल रंधा मारल्यासारखं. रंग फासलेला नव्हता. कोपऱ्यात पेन्सिलीने काढलेला एक बाण होता, तिरका, शेपटीला गाठ असलेला. फळी कुठल्या बाजूने बसवायची, त्याची खूण. असा बाण दुसरं कुणी काढत नसे.

मिलिमीटरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. बाणावरून बोट फिरवलं.

"माझीच आहे," ते म्हणाले.

अधिकाऱ्याने सुटकेचा निःश्वास सोडला आणि तो फोटो काढायला लागला. मिलिमीटर मात्र तिथून हलेनात. त्यांनी फळी सुलटी करून घेतली, टोकांशी पुन्हा ताडून पाहिली. रंगात फरक नव्हता.

"असं होण्यासाठी टेबल वर्षानुवर्षं उघडं राहायला हवं," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. मग मुलीकडे वळले. "उगाच एवढी जागा अडवून कुणी उघडं ठेवलं?"

मुलीने फडक्याची घडी घातली.

"तुम्हीच, बाबा. तिकडे राहायला गेल्यावर संध्याकाळी फोन करायचात ना, 'चौघांना घेऊन येतोय' म्हणून? आई टेबल उघडून वाट बघायची, आणि झोपताना मिटायची. मग एक दिवस म्हणाली, राहू दे उघडंच. आले तर आयत्या वेळी धांदल नको."