दाराखालची गाडी

आजारी माणूस एका बैठकीला चार भाकरी खात नाही, एवढं धुरपदाबाईला कळत होतं. चुलीपुढून उठून तिनं मागच्या खोलीच्या बंद दाराकडे पाहिलं. आत तिचा नवरा लोटनभाऊ परवापासून तापानं पडला होता. निदान तो तसं सांगत होता.

सुरतेत प्लेग निघाल्याची बातमी आली आणि दुसऱ्याच दिवशी तो शेतावरून मागच्या दारानं परस्पर या खोलीत शिरला. दोन्ही दारांना आतून कड्या. आत पाऊल टाकू देईना, कपाळाला हात लावू देईना. वर म्हणे, "मझार येऊ नको. तुले बी लागी."

त्या खोलीत त्याची रेल्वे होती. कापसाच्या गाठींना बांधतात त्या लोखंडी पट्ट्यांचे रूळ, तुपाच्या डब्याच्या पत्र्याचं इंजिन, त्याच्या पोटात जुन्या टेपरेकॉर्डरची मोटर. पन्नाशी उलटलेला गडी, पण दोंडाईच्याच्या फाटकात गाडी दिसली की अजून औत थांबवून बघत उभा राहायचा. गेल्या वर्षी रूळ चुलीपर्यंत आणायचे म्हणून त्यानं चांगल्या सागवानी दाराला खालून चौकोन कापला, तेव्हा धुरपदाबाईनं त्याला नको नको ते ऐकवलं होतं. आता त्याच चौकोनातून गाडीवर चहाचा पेला आत जात होता, भाकरी जात होती, मेडिकलातून आणलेल्या कॅप्सूल जात होत्या.

आधी तिला वाटलं, सगळं सोंग आहे. फवारणीचे दिवस, आणि हा आगगाडी खेळत बसलाय. काल आतून तो लाडालाडानं कुणाला तरी सांगत होता, "देख, आते कशी वळस!"

"कोनसंगे बोली ऱ्हायनात?" तिनं दाराला तोंड लावून विचारलं होतं.

मग आवाज आला, "इंजिनसंगे."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. पण आज या चार भाकऱ्या. हातचं काम सुटून तिचं लक्ष सारखं त्या दाराकडे जायला लागलं.

तेवढ्यात ओट्यावर बेबाबाई येऊन उभी राहिली. शेजारीण, एरवी सरळ चुलीपाशी येऊन बसणारी. आज नाकाला पदर लावून उंबऱ्याच्या बाहेरच थांबली. सगळ्या गल्लीचंच तसं झालं होतं. गल्लीतल्या कौतिकचा पोरगा सुरतेहून उतरला आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्याची जीप येऊन त्याला घेऊन गेली. घरभर पांढरी पावडर मारली. पोरगा अजून परत आला नव्हता, आणि त्याच्या आईच्या हातचं पाणीही कुणी पीत नव्हतं.

"भाऊनी तब्येत कशी शे, अक्का?"

"हिवताप शे. उतरी जाई."

"तुमना अभिमन उना नही ना सुरतथून?"

"नही उना. त्याना कागद बी नही."

हे सांगताना धुरपदाबाईनं पदरानं डोळे पुसले; तिच्यापुरतं ते खरं होतं, तो आला नव्हता. साडीच्या कारखान्यात कामाला लागलेला तिचा एकुलता एक पोरगा. मेला की वाचला, काही पत्ता नव्हता. बेबाबाईनं तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. मग बंद दाराकडे पाहिलं.

"सिग्नल मोकळा शे का?" गाडी सोडण्याआधी नेहमीप्रमाणे लोटनभाऊ आतून ओरडला.

"शे, शे," धुरपदाबाई वैतागून म्हणाली.

मग शिट्टी झाली. लोटनभाऊ ती जिभेखाली दोन बोटं घालून द्यायचा, लांबलचक, डोळे बाहेर येईस्तोवर. त्या वेळी त्याला दुसरं काही करणं शक्यच नव्हतं.

आणि शिट्टी चालू असतानाच आत कुणीतरी खोकलं.

एकदा, मग दाबून पुन्हा एकदा. शिट्टी मध्येच थांबली. चौकोनातून रिकामा पेला घेऊन गाडी बाहेर आली आणि चुलीपाशी येऊन उभी राहिली.

अभिमन जिवंत आहे, घरात आहे, एका दाराच्या पलीकडे आहे. धावत जाऊन दार बडवावं असं धुरपदाबाईला वाटलं, आणि उंबऱ्याबाहेर उभ्या बेबाबाईची तितकीच भीती वाटली. तुझ्या पोटात काही राहत नाही, सगळं तोंडावर दिसतं, असं नवरा नेहमी म्हणायचा.

"कोन खोकनं, अक्का?" बेबाबाईनं विचारलं.

धुरपदाबाईनं पदर तोंडावर धरला आणि ती खोकली. चांगली वाकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"मीच," ती म्हणाली. "मले कालफाईन खोकला शे."

बेबाबाई दोन पावलं मागे सरली. "पन आवाज तर मझारथून..."

धुरपदाबाई पुन्हा खोकली.

"तुमले बी धरीसन लई जातीन हो त्या जीपवाला!"

"लई जाऊ दे."

बेबाबाई ओटा उतरून भराभरा निघून गेली. घराकडे नाही, जीप उभी असायची त्या चौकाकडे.

धुरपदाबाईनं बाहेरच्या दाराला कडी घातली. चुलीवरचा चहा तिनं दोन पेल्यांत ओतला. भिंतीशी पडलेला दुसरा डबा गाडीला जोडला आणि एकेका डब्यात एकेक पेला ठेवला. ओझं जास्त झालं; चौकोनाशी जाऊन इंजिन नुसतं घुरघुरत अडकलं. तिनं गुडघे टेकून गाडीला मागून बोटानं हळूच ढकललं.

"सिग्नल मोकळा शे," ती दाराशी तोंड नेऊन म्हणाली.

मग शिट्टी झाली. ही नवऱ्याची नव्हती. बारीक, कापरी, आणि अर्ध्यातच खोकल्यानं तुटली.

लांबून जीपचा आवाज येत होता. धुरपदाबाई उठून ओट्यावर गेली, आणि गल्लीभर ऐकू जाईल एवढ्या जोरानं खोकायला लागली.