सासूबाईंनी लावलेलं अत्तर

"हे वाण मला नको हो, घरी असलेच सहा डबे पडलेत," हळदीकुंकवाला आलेल्या साठेकाकू शांतपणे म्हणाल्या. पाठोपाठ बर्वेवहिनींनी, यापुढे आपण उखाणा घेणार नाही, असं हसत जाहीर केलं.

ऋजुताने दचकून तबकाकडे पाहिलं. लावणारीला दोन तास करारी करणारं तिचं नवं अत्तर सासूबाईंनी साधं समजून पंधरा मनगटांना चोळलं होतं. कुपी रिकामी होती. आणि पाहुण्या गेल्यावर तेच लावून ती सासूबाईंना सांगणार होती, की कोचीची नोकरी घेतेय. कंपनीला उद्या सकाळी कळवायचं होतं.

पाहुण्या गेल्या. ऋजुताने कुपी हुंगून पाहिली, पण नुसत्या वासाने काही होईना. शेवटी तशीच म्हणाली, "आई, मी कोचीला नोकरी घेतेय."

"घे की!" कुमुदिनीबाई आपली अत्तराने माखलेली बोटं हुंगत म्हणाल्या. "मीही पुढच्या वर्षीपासून हळदीकुंकू बंद करतेय. चाळीस वर्षं कंटाळा येतोय मला."

ऋजुताने रिकामी कुपी तबकात ठेवली.

"आणि जाण्याआधी ही कुपी कुठे मिळते ते सांगून जा. तुझ्या सासऱ्यांशी जरा बोलायचंय."