सावलीची झाडं

चिखलदऱ्याच्या कॉफीच्या मळ्यात सावलीची उंच झाडं तोडली जात होती, तेव्हा म्हातारी मजूर मानकीबाई मालकिणीला म्हणाली, "नलूताई, अरेबिका कॉफीला एवढं ऊन सोसत नाही. खोडकिडा लागेल."

"उन्हाशिवाय फळ वाढेल कसं?" नलूताई हसल्या.

पुढच्या हंगामात फांद्या फळांनी वाकल्या. मानकीबाईची सगळ्यांनी थट्टा केली.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात कॉफीचं एक झाड पिवळं पडलं. मानकीबाईनं खोडाची फुगलेली साल नखानं सोलली. आत किड्यानं पोखरलेलं, भुशानं भरलेलं बीळ होतं.

"हे एकच ना?" नलूताईंनी विचारलं. "उपटून जाळून टाकू."

मानकीबाई शेजारच्या झाडाशी वाकली, मग त्याच्या शेजारच्या. खोडांवरून हात फिरवत ती दुसऱ्या ओळीत शिरली. नलूताई मागे चालत राहिल्या. पुन्हा विचारायचं धाडस त्यांना झालं नाही.