बाबांची भीड

"कॉम्प्युटर सारखा टुणटुणतोय गं, डोकं उठलंय," घड्याळं दुरुस्त करणाऱ्या बाबांनी दुकानात शेजारीच कामात गढलेल्या लेकीला हाक मारली. तिने डोळ्यावरचं भिंग कपाळावर सरकवलं. पडद्यावर लॉटरी, स्वस्त बूट, टकलावरचं तेल, सगळ्या वेबसाइटच्या सूचना एकमेकींना ढकलत होत्या. "बाबा, सगळ्यांना 'अलाउ' केलंत?" "परवानगी मागत होते बिचारे. तोंडावर नाही कसं म्हणायचं?" अशा भिडस्त माणसापुढे काय बोलणार! हसत हसत ती एकेकीला ब्लॉक करू लागली. तेवढ्यात नवी सूचना उगवली: "विक्रीला काढलेल्या तुमच्या दुकानाला गिऱ्हाईक मिळालं." तिचा हात थांबला. याच दुकानासाठी तिने नोकरी सोडली होती. "पुढे तूच सांभाळ," असं बाबाच म्हणाले होते. "मला एका शब्दाने विचारलं नाहीत?" बाबा हातातल्या घड्याळाला उगाच चावी देत राहिले. "बाकीच्या घालव," ते पुटपुटले, "तेवढी राहू दे."