पुढचं कडवं

एकेकाळी भोपाळच्या कॉलेजात गौरांगच्या रॉक बँडमध्ये मंजूषा ड्रम वाजवायची. पुढे ती भोपाळच्याच कारखान्यात इंजिनियर झाली, आणि गौरांग मुंबईला जाऊन एका गाण्यानं घराघरांत पोचला. परवा बऱ्याच वर्षांनी तो तिच्या सोनागिरी भागातल्या घरी आला, तो तणतणतच.

"लोकांना ते एकच गाणं हवं असतं. कंपनीला त्याच्यासारखं दुसरं हवं. नवं काही केलं तर कोणी ऐकूनच घेत नाही. बहिरे झालेत सगळे."

कॉलेजच्या गच्चीवर ऐकायला कोणी नसताना हाच माणूस संध्याकाळभर खुशीत वाजवत बसायचा. त्याचं नेमकं काय बिनसलं, याचं मंजूषाला राहून राहून कुतूहल वाटत होतं.

"मला ऐकव ना यार नवं," ती म्हणाली.

त्यानं जरा आढेवेढे घेऊन गिटार काढली. चाल संथ होती, सहज न उमगणारी. मंजूषाची बोटं टेबलावर हळूहळू त्या चालीचा ठेका शोधू लागली. तो आत्ता कुठे सापडत होता, तेवढ्यात गौरांग थांबला.

"नाही ना आवडलं?"

"अरे, मी ऐकत होते."

"त्या हिट गाण्याच्या पहिल्या ओळीलाच लोक उठून नाचायला लागतात." त्यानं गिटार खोळीत घातली.

"बरं, पुढचं कडवं कसं आहे, तेवढं तरी सांग."

"पुढचं अजून झालंच नाही," खोळीची चेन लावत तो म्हणाला. "एकटा वाजवत बसलो तरी मी इथवर येऊनच थांबतो."