साखळी मापाला भरली

साखळी मापाला भरली आणि तिथेच घोळ झाला.

थोरलीने स्टीलची पट्टी पुसून पुन्हा लावली. चोवीस कड्या, नव्या साखळीसारख्या बारा इंच, वर जेमतेम केसभर. यंत्रांचे मोडलेले भाग तपासायचे आणि ते का मोडले हे सांगायचं, ही तिची नोकरी. वापरलेली साखळी लांबते, हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. आणि ही साखळी तर वीस वर्षं राबलेली.

बाबांची सायकल. तीन महिने, दर सुट्टीला, ती मागच्या खोलीत तिच्याशी झटत होती. गंज सौम्य आम्लाने उतरवला. मडगार्ड ठोकून सरळ केले. काजळीखाली गेलेली सोनेरी रेघ कापसाच्या बोळ्याने जपून वर काढली. "एवढी माया माझ्या स्कूटरला लाव ताई, ती आपली आपण ऑफिसला जाईल," धाकटा भाऊ म्हणायचा. बाबांना जाऊन रविवारी वर्ष होणार होतं. सगळे नातेवाईक येणार होते. हॉलमध्ये फोटोखाली सायकल उभी राहणार होती, आणि तिच्यावर पितळी पाटी: एक लाख चाळीस हजार किलोमीटर. गुणाकार थोरलीचाच. कामावर जाऊन-येऊन रोज सव्वीस, वर्षाचे दोनशे सत्तर दिवस, वीस वर्षं. म्हणजे पृथ्वीला साडेतीन फेऱ्या.

ते सव्वीस किलोमीटर त्या घरात मिठासारखे होते, कशातही पडायचे. मार्क कमी पडले, की सव्वीस किलोमीटर. सहलीला जाऊ का विचारलं, की सव्वीस किलोमीटर. "तुमच्यासाठी माझ्या पायांचे तुकडे पडले," बाबा म्हणायचे. मग आईकडे मान वळवून, "घरात बसणाऱ्याला रस्ता काय कळणार!" आई शिवणाचं मशीन चालवत राहायची.

साखळी बदलली असेल, थोरलीने स्वतःला समजावलं. मग पुढचं दातेरी चक्र उजेडात धरलं. दाते सरळ उभे होते, एका अंगाला कललेले नव्हते. तेही बदललं असेल. तिने पायडलचा आस उघडला, रॉकेलने जुनं ग्रीस धुतलं. छर्रे फिरून फिरून त्यांच्या लोखंडी वाटीत चर पडायला हवा होता. तिथे नुसती पुसट चमक होती. कातडी सीटवर बसणाऱ्याचे दोन खळगे उमटतात. ते डोळ्यांना दिसेनात, बोटाने शोधावे लागले. सगळंच बदललं म्हणावं, तर सगळ्यावर एकाच कंपनीची, एकाच सालाची खूण होती.

गंज उभ्या लोखंडाला चढतो, झीज चालत्या लोखंडाची होते. हे वाक्य ती कामावर नव्या लोकांना पहिल्याच दिवशी ऐकवायची. इथे गंज पोतंभर निघाला होता. झीज नव्हतीच.

ती तशीच काळ्या हातांनी स्वयंपाकघरात गेली. आई समोरच्या स्टुलावर पाय लांब करून, गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी धरून बसली होती.

"आई, बाबांनी सायकलची साखळी कधी बदलली होती?"

"त्यांनी कधी उशीचा अभ्रा तरी बदलला होता का?"

"थट्टा नको गं. ही सायकल पाच-सहा हजार किलोमीटरच्या वर चाललेलीच नाही."

आईने तिच्याकडे पाहिलं. मग दाराकडे पाहिलं, जणू अजून कुणी आत येईल.

"तीन महिने गेले कामावर," ती म्हणाली. "मग साहेब काहीतरी बोलला आणि यांनी राजीनामा फेकला. पुढे यांच्या तोलाची नोकरी काही मिळेना."

"मग रोज डबा घेऊन कुठे जायचे?"

"पुलापलीकडच्या वाचनालयात. पंख्याखाली. अर्धा किलोमीटर असेल नसेल."

"वीस वर्षं? आणि तू एका शब्दाने बोलली नाहीस? ते तुला घालूनपाडून बोलायचे तेव्हासुद्धा?"

"चारचौघांत सांगायला तुम्हाला बाप हवा होता. तो राहू दिला."

थोरली ओट्याला टेकली. तिचे काळे हात ओट्यावर उमटले. आम्ही दोन पोरं, शाळा, कॉलेज, हे घर. "मग हे सगळं चालवलं कुणी?"

आईने पिशवी एका गुडघ्यावरून दुसऱ्यावर सरकवली.

"झिजलेलं लोखंड बघून तुला सगळं कळतं ना? मग माझ्या शिवणाच्या मशीनची जाळी बघायची होतीस, पायाखालची. वेलबुट्टी होती तिच्यावर. माझ्या पावलांनी ती पार गुळगुळीत झाली. लोखंड आहे की साबण, कळायचं नाही."

आईचं शिवणकाम म्हणजे हौस, फार तर वरखर्चाला हातभार, असंच घरात सगळे धरून चालले होते. बाबाच तसं सांगायचे.

"कुठंय ते मशीन?" थोरलीने विचारलं.

"अगं, तूच नाही का भंगारवाल्याला दिलंस, सायकलीला जागा हवी म्हणून?"

दिलं होतं. एक बाजू तिने स्वतः धरून ते हातगाडीवर चढवलं होतं, आणि ते जड आहे, एवढंच तिच्या लक्षात आलं होतं.